मॅजिक मशरूम आणि हरमल एकत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी औषधशास्त्र शिकवते आणि संध्याकाळी भावाच्या मेडिकलच्या काउंटरवर दोनेक तास बसते. या विषयावरचे मेसेज मला दोन्हीकडून येतात. निम्म्यांची सुरुवात "मॅडम, मित्रासाठी विचारतोय" अशी असते. मित्र असो वा स्वतः, उत्तर तेच राहतं. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. प्रमाण आणि कृती इथे मिळणार नाही, त्याचं कारण प्रश्न १५ मध्ये आहे. आत्ता कोणाला त्रास होत असेल तर थेट प्रश्न १८ वर जा.

१. मॅजिक मशरूम म्हणजे नक्की काय? पावसाळ्यात उगवतात त्या कुत्र्याच्या छत्र्या त्याच का?

नाही. कुत्र्याची छत्री हे खाऊ नये अशा कुठल्याही अळंबीला दिलेलं सरसकट नाव आहे. मॅजिक मशरूम म्हणजे सायलोसायबिन हे द्रव्य असलेल्या जाती. त्यातली सगळ्यात माहितीची जात शेणावर उगवते. कोडाईकनालला फिरायला गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांना ती रस्त्यावर कोणीतरी हळूच विचारलेली असते. सायलोसायबिन पोटात गेलं की त्याचा फॉस्फेटचा तुकडा गळतो आणि सायलोसिन तयार होतं. मेंदूवर काम करतं ते हे सायलोसिन. ते सेरोटोनिनच्या २ए नावाच्या ग्राहींवर (रिसेप्टरवर) बसतं. परिणाम साधारण अर्ध्या तासात सुरू होतो आणि चार ते सहा तास राहतो.

हे द्रव्य १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या सँडोझ कंपनीत आल्बर्ट हॉफमन यांनी वेगळं काढलं. एलएसडी बनवणारे हॉफमन ते हेच.

२. "एन्झाइम रोखणारी वनस्पती" म्हणजे काय? हरमलमध्ये असं काय असतं?

शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला विकर म्हणत. आपल्या आतड्यात, यकृतात आणि मेंदूत मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं एक विकर असतं. पुढे मी त्याला एमएओ म्हणते. सेरोटोनिन, नॉरअॅड्रिनॅलिन, डोपामिन या निरोप पोचवणाऱ्या द्रव्यांचं काम झालं की त्यांची मोडतोड करायची, आणि जेवणातून येणारी त्याच घडणीची द्रव्यं रक्तात शिरण्याआधी अडवायची, ही त्याची नोकरी. त्याचे ए आणि बी असे दोन प्रकार आहेत.

हरमलच्या बियांत हार्मिन आणि हार्मालिन ही द्रव्यं असतात आणि ती एमएओ-ए ला काही तास बसवून ठेवतात. अॅमेझॉनच्या जंगलातल्या आयाहुआस्का वेलीतही हार्मिन असतं. आपल्याकडे हरमल राजस्थान, पंजाब, काश्मीरच्या कोरड्या भागात उगवतो. काष्ठौषधीच्या दुकानात पुडी मिळते: मोहरीपेक्षा जरा मोठ्या, तपकिरी-काळ्या, कोनाकोनाच्या बिया, चव कडूजहर. इराणात याला इस्पंद म्हणतात आणि दृष्ट काढायला निखाऱ्यावर टाकतात. काश्मिरी लग्नांतही इसबंद जाळतात.

३. दोन्ही एकत्र घेतल्यावर शरीरात होतं तरी काय?

आधी त्याच वेलीपासून बनणाऱ्या आयाहुआस्का काढ्याचं उदाहरण घेऊ, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. त्या काढ्यात दोन वनस्पती असतात. एकीच्या पानांत डीएमटी हे भास घडवणारं द्रव्य असतं. नुसतं गिळलं तर एमएओ ते आतड्यात आणि यकृतातच संपवतं, मेंदूपर्यंत काही पोचत नाही. दुसरी, म्हणजे वेल, एमएओला बसवते आणि मग डीएमटीला वाट मिळते. तिथे रोधकाशिवाय, म्हणजे एमएओला बसवणाऱ्या द्रव्याशिवाय, काम होतच नाही.

मशरूमला अशी गरज नाही. सायलोसिन तोंडावाटे आपणहून पोचतं. त्याची विल्हेवाट मुख्यतः दुसऱ्या वाटेने लागते: आतड्यातली आणि यकृतातली वेगळी विकरं त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल चिकटवतात आणि ते लघवीवाटे जातं. काही भाग मात्र एमएओच्या वाटेने जातो. ती वाट बंद केली की सायलोसिन जास्त वेळ रेंगाळतं. हे मिश्रण घेतलेले लोक सांगतात की अनुभव जास्त तीव्र होतो, लांबतो आणि उलट्या वाढतात. उलट्यांमध्ये हरमलचा स्वतःचा मोठा वाटा असतो. हार्मालिनमुळे हात कापणं, तोल जाणं, डोळ्यांसमोर सगळं थरथरणं हेही होतं, मशरूम असो वा नसो.

पण माझ्या मते खरा धोका या दोघांत नाही, तिसऱ्यात आहे. एमएओ बसलेलं असताना पोटात जी तिसरी गोष्ट जाते, म्हणजे खोकल्याचं औषध, कंबरदुखीची गोळी, पार्टीतली पूड, तिची मोडतोड करायला घरात कोणी नसतं. आणि ती तिसरी गोष्ट कोणी मोजत नाही, कारण ती "नेहमीची" असते. खालचे बरेच प्रश्न या तिसऱ्याबद्दल आहेत.

४. ही हजारो वर्षांची आदिवासी परंपरा आहे ना? मग धोका कसला?

दोन परंपरा आहेत आणि त्या एकमेकींना भेटलेल्या नाहीत. मेक्सिकोच्या ओआखाका भागातले माझातेक लोक मशरूमचा विधी करत आले. १९५५ मध्ये वाउत्ला गावी मारिया साबिना या वैदूबाईंनी गॉर्डन वॉसन या अमेरिकी बँकरला त्यात बसू दिलं. त्याने १९५७ मध्ये एका मोठ्या साप्ताहिकात त्यावर लिहिलं आणि पुढे गावात परदेशी पोरांची रीघ लागली. पोलिस आले, गावकरी बाईंवर उलटले, त्यांचं घर जाळलं गेलं. त्या विधीत हरमल नव्हता. असणार कुठून? हरमल भूमध्य समुद्रापासून मध्य आशियापर्यंतची वनस्पती, अमेरिका खंडात ती विसाव्या शतकात शिरली. आयाहुआस्का दक्षिणेकडची, अॅमेझॉनची, आणि तिच्यात मशरूम नसतं.

दोन्हींची मोट बांधली ती अलीकडच्या शहरी हौशी लोकांनी. "सायलोहुआस्का" हे जोडनावही त्यांचंच. नावावर जाऊ नका.

५. मग सोमरस म्हणजे हेच का?

हा प्रश्न महिन्यातून एकदा येतोच. सोम म्हणजे लाल टोपीचं अमानिता मस्कारिया मशरूम असा तर्क वरच्याच वॉसनने १९६८ मध्ये मांडला. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातलं "होम" नावाचं पेय म्हणजे हरमल असं फ्लॅटरी आणि श्वार्ट्झ यांनी १९८९ मध्ये मांडलं. बऱ्याच अभ्यासकांचा कल इफेड्राकडे आहे, आणि पारशी मंडळी यस्नाच्या विधीत आजही इफेड्राच्या काड्याच वापरतात. वादात मला पडायचं नाही. एक गोष्ट मात्र काउंटरवरून सांगते. इफेड्राला आयुर्वेदात सोमलता म्हणतात, त्यात इफेड्रिन असतं, आणि एमएओ रोधकाबरोबर इफेड्रिन गेलं तर रक्तदाब झपकन वर जातो. "सोम" म्हणून दोन्ही एका पेल्यात घालायची कल्पना एकाने मला खरंच लिहून पाठवली होती.

६. मशरूममध्ये मुळातच थोडे एमएओ रोधक असतात असं वाचलं. मग बाहेरून घेतले तर काय बिघडलं?

वाचलंत ते खरं आहे. २०२० मध्ये जर्मनीतल्या येना इथल्या संशोधकांनी दाखवलं की सायलोसायबी जातीची मशरूम्स हार्मिनच्या कुळातली द्रव्यं स्वतः बनवतात. पण त्यांचं प्रमाण अगदी सूक्ष्म असतं. आमटीत चिमूटभर हिंग असतो म्हणून कोणी मूठभर घालत नाही.

७. हरमल "रिव्हर्सिबल" आहे, जुन्या गोळ्यांसारखा नाही. मग सुरक्षितच झाला की?

अर्धं खरं. फेनेल्झिन, ट्रॅनिलसिप्रोमिन या जुन्या गोळ्या एमएओला कायमचं निकामी करतात. नवं विकर तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. हार्मिन आणि हार्मालिन तसं करत नाहीत. ती सुटली की विकर पुन्हा कामाला लागतं. त्यामुळे खाण्याची पथ्यं तितकी कडक लागत नाहीत (प्रश्न १२).

पण त्या मधल्या तासांत विकर बसलेलंच असतं. मोक्लोबेमाइड ही गोळीही रिव्हर्सिबल, तीही एमएओ-ए वरच काम करते. फिनलंडमध्ये मोक्लोबेमाइड आणि एक्स्टसी ही पार्टीतली नशा एकत्र घेतल्याने झालेले चार मृत्यू २००३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले गेले. शिवाय हे तास सगळ्यांना सारखे नसतात. हार्मिन ज्या यकृतातल्या विकराने मोडतं ते सीवायपी-२डी६ काही जणांत जन्मतःच मंद असतं, आणि काही गोळ्या त्याला मंद करतात. फ्लुऑक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन त्यातल्याच.

८. कुठल्या औषधांबरोबर हे अजिबात नको?

सेरोटोनिन वाढवणारी औषधं आधी सांगते. एमएओ बसलेलं असताना ती गेली तर सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो: घाम, जुलाब, थरथर, स्नायू ताठणं, ताप, आणि वेळेत उपचार नाही झाले तर मृत्यू.

ट्रामाडॉल पहिलं, कारण ते घरोघरी असतं. पॅरासिटामॉलबरोबरची जोडगोळी हाडाच्या डॉक्टरांकडून आलेल्या निम्म्या चिठ्ठ्यांत दिसते. कोणी तिला "ट्रामाडॉल" म्हणत नाही, "ती कंबरेची गोळी" म्हणतात. मग डेक्स्ट्रोमेथॉर्फन, म्हणजे कोरड्या खोकल्याच्या बऱ्याच सिरपांतलं द्रव्य. बाटलीवर बारीक अक्षरात असतं. पेथिडिन, मेथाडोन, फेंटानिल ही रुग्णालयातली. नैराश्य आणि चिंतेवरच्या जवळपास सगळ्या गोळ्या: एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन, क्लोमिप्रामिन. अमिट्रिप्टिलिनही त्यातच धरा. ती मायग्रेनसाठी किंवा झोपेसाठी दिली जाते, म्हणून लोक तिला डिप्रेशनची गोळी समजत नाहीत.

पेथिडिनची गोष्ट औषधशास्त्राच्या वर्गात दरवर्षी सांगते. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी ताप आणि अंग उडणं म्हणून दाखल झाली. ती फेनेल्झिन घेत होती. तिला पेथिडिनचं इंजेक्शन दिलं गेलं आणि काही तासांत ती गेली. पुढे त्या राज्यात निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांवर मर्यादा घालणारा नियम झाला तो या प्रकरणातून. वर्गात सगळ्यांना तो नियम आठवतो, गोळी आठवत नाही.

रक्तदाब चढवणारी औषधं वेगळी: सर्दीच्या गोळ्यांतलं फिनाइलएफ्रिन आणि स्यूडोएफेड्रिन, वर सांगितलेलं इफेड्रिन, एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष न लागण्याच्या विकारावरच्या गोळ्या.

आणि एक, जे आपल्याकडे विसरून चालणार नाही. लायनेझोलिड हे प्रतिजैविक स्वतःच सौम्य एमएओ रोधक आहे. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या सहा महिन्यांच्या बीपाल्म उपचारात ते आहे. मुंबईत असे रुग्ण कमी नाहीत, आणि त्यांतले बरेच विशी-पंचविशीतले. त्यांच्या बाबतीत हरमल म्हणजे रोधकावर रोधक.

९. मी डिप्रेशनची गोळी घेतो. चार दिवस बंद ठेवली तर चालेल का?

नाही. चार दिवसांत ती शरीरातून जात नाही. डॉक्टर जेव्हा एखाद्या रुग्णाला अशा गोळीवरून एमएओ रोधकावर नेतात तेव्हा साधारण दोन आठवड्यांचं अंतर ठेवतात आणि फ्लुऑक्सेटिन असेल तर पाच आठवड्यांचं, कारण ते शरीरात मोडून जे द्रव्य बनतं ते फार काळ रेंगाळतं. हे आकडे डॉक्टरांच्या देखरेखीसाठीचे आहेत, स्वतः कॅलेंडरवर खुणा करण्यासाठी नाहीत. गोळी अचानक तोडली की चक्कर, झोप उडणं, चिडचिड होते आणि ज्या नैराश्यासाठी ती सुरू केली तेच परत येऊ शकतं. त्या अवस्थेत मशरूम घेणं म्हणजे वादळात होडी सोडणं.

नुसत्या मशरूमबरोबर या गोळ्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे परिणाम बोथट होतो, आणि लोक "काही झालंच नाही" म्हणून आणखी खातात. हरमल मध्ये आला की हिशेब प्रश्न ८ चा.

१०. लिथियम?

हरमल असो वा नसो, नाही. लिथियम घेणाऱ्यांनी सायकेडेलिक घेतल्याच्या ऑनलाइन अनुभव-नोंदींचा अभ्यास २०२१ मध्ये छापून आला. त्यातल्या जवळपास निम्म्या नोंदींत फेफरं आल्याचं लिहिलं होतं. लिथियम मुख्यतः बायपोलर आजारासाठी देतात, आणि त्या आजारात सायलोसायबिनने उन्माद चाळवण्याची भीती वेगळीच. स्वतःला किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात स्किझोफ्रेनिया वा बायपोलर असेल तर संशोधनातही अशा व्यक्तींना सहसा घेत नाहीत.

११. पार्टीत एमडी होतं, गांजा होता, बिअर होती. यात जास्त वाईट काय?

एमडी. मुंबई-पुण्यात ज्याला एमडी किंवा म्याव म्याव म्हणतात ते मेफेड्रोन, आणि ते पेशींतून सेरोटोनिन व डोपामिन अक्षरशः ढकलून बाहेर काढतं. एक्स्टसीही तेच करते. एका बाजूने नळ पूर्ण सोडलाय, दुसऱ्या बाजूने एमएओ बसल्यामुळे मोरी तुंबलीय. प्रश्न ७ मधले चार मृत्यू हाच प्रकार होता. कोकेन आणि अॅम्फेटामिनही याच रांगेत.

गांजाने रसायनाचा असा स्फोट होत नाही, पण भीती आणि संशय वाढतो, आणि लांबलेल्या ट्रिपमध्ये ते जड जातं. बिअरचा मुद्दा पुढच्या उत्तरात.

१२. चीज खायचं नाही असं म्हणतात. का? आणि पनीर?

१९६३ मध्ये नॉटिंगहॅमच्या रो नावाच्या एका फार्मासिस्टने डॉ. बॅरी ब्लॅकवेल यांना पत्र लिहिलं: माझी बायको एमएओ रोधक गोळी घेते, आणि चीज खाल्लं की तिचं डोकं फुटायला येतं. सहकाऱ्यांनी आधी थट्टा केली. पण मुरलेल्या चीजमध्ये टायरामिन असतं, एरवी आतड्यातलं एमएओ ते मोडतं, आणि ते बसलेलं असेल तर टायरामिन रक्तात शिरून रक्तदाब चढवतं, हे त्या धाग्यावरूनच उलगडलं. काउंटरवर बसणाऱ्या माणसाची ही गोष्ट मला मनापासून आवडते, म्हणून जरा लांबवली.

टायरामिन मुरवलेल्या, आंबवलेल्या आणि शिळ्या प्रथिनांत वाढतं: जुनं चीज, सोया सॉस, नळाची बिअर, नीट न टिकवलेले मासे. सुकट-बोंबील कसे वाळवले, किती दिवस कुठे ठेवले यावर सगळं असतं, त्यामुळे त्यांवर भरवसा नको. ताजं पनीर आणि ताजं दही यांत ते कमी असतं. हरमलसारख्या रिव्हर्सिबल रोधकात हा धोका जुन्या गोळ्यांपेक्षा कमी, पण रक्तदाबाचा त्रास असलेल्याने त्यावर विसंबू नये.

लोक मला चीजबद्दल दहा वेळा विचारतात आणि खोकल्याच्या सिरपबद्दल एकदाही नाही. भीतीचा क्रम उलटा लागलाय.

१३. हरमलऐवजी काळी मिरी, हळद, कॉफी असं काही चालतं का? तेही एमएओ रोखतात म्हणे.

परीक्षानळीत बरंच काही एमएओ रोखतं. मिरीतलं पायपरिन, हळदीतलं कर्क्युमिन, कॉफीतलं हार्मन, सगळ्यांवर तसे प्रयोग आहेत. पण जेवणातल्या प्रमाणात एमएओ बसत नाही, नाहीतर आपण सगळेच रोधकावर असतो. सिगारेटचा धूर मात्र खरोखर काम करतो: १९९६ मधल्या मेंदूच्या पीईटी स्कॅनमध्ये धूम्रपान करणाऱ्यांत एमएओ-बी जवळपास ४० टक्के कमी दिसलं.

वनस्पतींत मला काळजी वाटते ती खाजकुइलीची. कौंचबीज म्हणून कॅप्सूल मिळतात, जिमला जाणारी मुलं ताकदीसाठी घेतात. त्या बियांत एल-डोपा असतं, पार्किन्सनच्या गोळीतलं तेच. एमएओ-ए बसलेलं असताना ते रक्तदाब चढवू शकतं. "आयुर्वेदिकच तर आहे" हे वाक्य मी काउंटरवर दिवसातून चार वेळा ऐकते. हार्मालिनही बियांतूनच येतं.

१४. आमच्याकडे दृष्ट काढायला हरमलचा धूर करतात. त्याने काही होतं का?

निखाऱ्यावर चिमूटभर टाकून खिडकी उघडी ठेवलीत तर चिंता नको. बिया मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा.

१५. प्रमाण तरी सांगा. चुकीचं घेण्यापेक्षा बरोबर घेतलेलं बरं ना?

युक्तिवाद मला कळतो, आणि तो मूर्खपणाचा नाही. पण मी आकडा देत नाही, कारण तो आकडा तुमच्या पुडीला लागूच होत नाही. हरमलच्या बियांतलं द्रव्य जागा, हंगाम आणि साठवणीप्रमाणे कितीतरी पटींनी कमीजास्त असतं. मशरूमचंही तेच, एकाच तोडणीतल्या दोन नगांतसुद्धा. त्यावर तुमचं यकृत किती वेगाने काम करतं ते वेगळं (प्रश्न ७). तीन अनोळखी संख्यांचा गुणाकार ग्रॅममध्ये लिहून दिला तर तो अचूक दिसतो, अचूक नसतो. प्रयोगशाळेत लोक शुद्ध द्रव्य मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि शेजारी डॉक्टर बसलेला असतो.

१६. गरोदर असताना, किंवा दिवस गेलेत की नाही हे माहीत नसताना?

हरमल अजिबात नाही. त्यात वासिसिनही असतं. अडुळशातलं हेच द्रव्य गर्भाशय आकुंचन पाववतं, म्हणून गरोदरपणात अडुळसाही जपून. हरमलचा पाळी आणण्यासाठी आणि गर्भ पाडण्यासाठी जुना वापर आहे आणि त्यात विषबाधा झालेल्या आहेत.

१७. मिळालेलं मशरूम खरं आहे हे कसं ओळखायचं? गमी आणि चॉकलेट तरी बरे का?

फोटोवरून मी ओळखत नाही. कोणीही ओळखू नये. गॅलेरिना नावाची लहान तपकिरी अळंबी मॅजिक मशरूमसारखीच दिसते, आणि तिच्यातलं अमाटॉक्सिन यकृत संपवतं. निळसर डाग पडला म्हणजे खात्री झाली असं समजू नका. अमाटॉक्सिनची खूण म्हणजे उशीर. उलट्या-जुलाब सहा तासांनंतर, बहुधा सहा ते बारा तासांत सुरू होतात, मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि नंतर कावीळ. हरमल घेतलेला माणूस उलट्यांना हरमलचाच दोष देतो आणि रुग्णालयात जायचा वेळ घालवतो. म्हणून हे मिश्रण इथे आणखी वाईट.

गमी आणि चॉकलेटवर "मशरूम" लिहिलेलं असतं, आत अमानिताचं (प्रश्न ५ मधलं लाल टोपीचं) मस्किमॉल हे वेगळंच द्रव्य असू शकतं किंवा प्रयोगशाळेत बनवलेलं काहीही. अमेरिकेत २०२४ मध्ये अशा चॉकलेट-गमींमुळे बरेच लोक रुग्णालयात गेले आणि माल बाजारातून परत घ्यावा लागला. आत काय आहे हेच ठाऊक नसेल तर प्रश्न ८ ची यादी कशाला लावणार?

१८. मित्राने घेतलंय आणि तो विचित्र वागतोय. काय करू?

नुसता घाबरलेला असेल, अंग गार किंवा नेहमीसारखं असेल, बोलतोय आणि तुम्हाला ओळखतोय, तर दिवे मंद करा, गाणी बंद करा, एकच माणूस शेजारी बसा. हळू बोला. "तू औषध घेतलंयस, हे उतरणार आहे" इतकंच पुन्हा पुन्हा सांगा. गॅलरी आणि जिन्याची दारं लावून घ्या. एकटा सोडू नका. हरमल असेल तर नेहमीच्या सहा तासांत संपेल असं धरून बसू नका.

पुढचं काही दिसलं तर १०८ किंवा ११२ लावा: अंग भाजतंय आणि घामाने निथळतंय, पाय ताठ झालेत, घोटा झटक्यात वर दाबला की पाऊल आपणहून उडत राहतं, फेफरं, छातीत दुखणं, डोकं फुटेल असं दुखणं, हाक मारल्यावर उत्तर नाही. सेरोटोनिन सिंड्रोम बहुधा पहिल्या सहा तासांतच दिसतो, वाट बघायला वेळ नसतो.

मध्ये काय करू नये तेही लिहिते, कारण चुका इथेच होतात. तापासाठी पॅरासिटामॉल देऊन बसू नका, हा ताप स्नायूंच्या ताठरपणातून येतो, गोळीने उतरत नाही. ओले पंचे आणि पंखा लावा. हातपाय बांधू नका, धडपडीने उष्णता वाढते. उलटी करवू नका. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा. खोकतोय म्हणून घरातलं सिरप देऊ नका (प्रश्न ८ पुन्हा वाचा).

डॉक्टरांना सगळं सांगा: मशरूम, हरमल, किती वाजता, आणि चालू असलेली प्रत्येक गोळी. "हरमल" म्हटल्यावर कळलं नाही तर "एमएओ रोधक घेतलाय" असं म्हणा. या दोन शब्दांवरून कुठलं वेदनाशामक टाळायचं ते ठरतं. उरलेली पुडी आणि मशरूमचे तुकडे कागदी पिशवीत घालून बरोबर न्या. विषबाधा म्हणून रुग्णालय पोलिसांना कळवू शकतं, हे खरं. त्या भीतीने दोन तास घालवू नका.

१९. परदेशात मशरूमने डिप्रेशन बरं करतात. तिथे हरमल देतात का?

नाही. तिथे शुद्ध सायलोसायबिन मोजून दिलं जातं आणि एमएओ रोधक घेणाऱ्यांना चाचणीत घेतच नाहीत. २०२२ मध्ये २३३ रुग्णांवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, काहींना फायदा दिसला. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना ते देण्याची परवानगी दिली. त्या बातम्यांचं श्रेय मिश्रणाला लावता येत नाही.

२०. कायद्याचं काय? अॅमस्टरडॅमला तर उघड मिळतं.

भारतात सायलोसायबिन आणि सायलोसिन १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहेत. केरळ उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये एका जामीन प्रकरणात म्हटलं की मशरूम हे नैसर्गिक बुरशी आहे, "मिश्रण" नाही, म्हणून वजन मोजताना आतल्या सायलोसायबिनचा विचार व्हावा. त्यानंतर "मशरूम लीगल झालं" असे मेसेज फिरले. झालेलं नाही. वाद किती वजन धरायचं याचा होता. हरमल त्या यादीत नाही, पण फ्रान्सने २००५ मध्ये आयाहुआस्काबरोबर हरमलही बंद केला, तिकडे पुडी घेऊन जाऊ नका.

नेदरलँड्सने मशरूम डिसेंबर २००८ पासून बंद केलेत. दुकानात मिळतात ते त्याच बुरशीचे जमिनीखालचे गड्डे, ट्रफल. द्रव्य तेच आहे, म्हणून वरची सगळी उत्तरं त्यांनाही लागू.

२१. मुलाच्या खोलीत काळ्या बियांची पुडी सापडली. मी आई आहे. काय करू?

तीन जणींनी हे विचारलंय. एकीने पाठवलेल्या फोटोत सब्जा होता. दुसरीच्या फोटोत खरंच हरमल होता, आणि तो सासूबाईंनी दृष्टीसाठी आणून मुलाच्या कपाटात ठेवलेला होता. तिसरीच्या घरी मुलाने सरळ सांगितलं.

पुडी फेकू नका, लपवू नका. आधी त्याच्या चालू गोळ्या बघा: मनोविकाराच्या, टीबीच्या, कंबरेच्या, खोकल्याच्या. मग ओरडण्याआधी एवढंच विचारा, "याच्याबरोबर आणखी काय घेतोस?" उत्तरात प्रश्न ८ किंवा ११ मधलं काही आलं तर त्याच दिवशी डॉक्टर. नाही आलं तर बोलायला वेळ आहे. घरात बोलणं जमत नसेल तर १४४१६ ही टेलिमानस हेल्पलाइन आहे आणि व्यसनासाठी १४४४६, दोन्ही मोफत. तिसऱ्या बाईंनी मुलालाच माझ्याकडे काउंटरवर पाठवलं. त्याच्या खिशात ट्रामाडॉलची अर्धी पट्टी होती. क्रिकेट खेळताना खांदा दुखावला म्हणून घेत होता.